कपाटावरचा बाळंतविडा

मुखेड, ९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अंबिका हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दवाखान्याची पिशवी भरायला घेतलीस असं कळलं. फाइल, आधार कार्ड आणि रक्तगटाचा कागद वरच्या कप्प्यात ठेव. तळाशी गेले तर तुझा बाप दवाखान्याच्या दारात अख्खी पिशवी उलटी करील, हे त्याची बहीण म्हणून सांगते. कानाला बांधायला रुमाल विसरू नकोस.

शेजारचा मल्लेश एसटीत कंडक्टर आहे, त्याच्या हाती बाळंतविडा पाठवते आहे. चार झबली, दोन टोपडी, एक दुपटं आणि डझनभर बाळुती. सगळं जुन्या मऊ लुगड्याचं, दोनदा उकळून धुतलेलं. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागावं, नवं टोचतं.

भिऊ नकोस. इथून माझा जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझी
उमाआत्या


लातूर, २ डिसेंबर २०२४

ती. स्व. उमाआत्यास अंबिकेचे शरणार्थ.

तीनदा फोन लावला आणि तीनदा भलतंच बोलून ठेवला. म्हणून कागद घेतला.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी तुझा बाळंतविडा मी पिशवीतून काढून कपाटावर ठेवला. आई काही म्हणाली नव्हती, सासूबाईही नाहीत. माझंच मन. तुझी दोन्ही बाळं आठवड्याच्या आत गेली ते आठवलं, आणि तुझ्या हातचं माझ्या बाळाच्या अंगाला नको असं वाटलं. बी.एस्सी. झालेली मी, असल्या गोष्टींवरून बायकांना हसणारी! लिहितानाही लाज वाटते.

नर्सने बाळाचे धुतलेले कपडे मागितले, तर पिशवीतून निघाले ते दुकानातले, लेबलसकट. ती सगळ्यांसमोर पप्पांना लई बोलली, एवढंबी कळत न्हाई का म्हणून. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या सुकन्याने तिच्या बाळाचं जास्तीचं बाळुतं दिलं. माझी लेक परक्या कापडात गुंडाळून माझ्याजवळ आली. आणि संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी सांगितलं की तुझंच झबलं घातलंय. त्यावर तू गल्लीत पेढे वाटलेस, समोरच्या गौरम्माकाकूला हाका मारून सांगितलंस, हे काल मल्लेशकडून कळलं. तेव्हापासून घास उतरत नाही.

पंधराला बारसं आहे. ये. तुझ्याकडे बघायचं कसं ते मला कळत नाही, तरी ये. जमलं तर माया तोडू नकोस.

तुझी
अंबिका


मुखेड, ८ डिसेंबर २०२४

अंबे, आशीर्वाद.

खोटं कशाला सांगू, पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर राग धरला. दूध उतू घालवलं, मल्लेशवर उगाच खेकसले. मग माझीच मला लाज वाटली.

तो बाळंतविडा मी शिवलेलाच नाही. लुगडं गौरम्माचं, शिवणही तिचीच. तिची पाचही लेकरं धडधाकट आहेत, म्हणून तिच्या पाया पडून शिवून घेतला. मी जवळ बसून नुसतं बघत होते, सुईलासुद्धा हात लावला नाही. तुला जे त्या सकाळी सुचलं ते मला महिनाभर आधीच सुचलं होतं. तीस वर्षं बायकांनी मला पाळण्याजवळ येऊ दिलं नाही म्हणून मी त्यांना बोल लावत आले. आणि माझ्याच हाताला मीही तसंच लांब ठेवलं.

तू एकटीच मान खाली घालून बसू नकोस. माया होती तेवढीच आहे. बारशाला सकाळच्या गाडीने येते.

बाळ माझ्याकडे तू होऊन दे. मी मागणार नाही. आजवर कुणाचं लेकरू मी मागून घेतलेलं नाही.

तुझी
उमाआत्या