बाळ वेळेआधी नको

बेर्गामो, ९ डिसेंबर

प्रिय आई,

तुझ्या दोन्ही गालांचे मुके. मी बरा आहे, पोटभर जेवतो, लोकरीची बनियन घालतो. पत्र का, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

गोदामात काम रग्गड आहे. नवा मुकादम चांगला आहे, पण कॉफी भांडी विसळलेल्या पाण्यासारखी करतो. एक सांगायचंय, ते सांगतोच.

काल मारियामातेच्या सणाची सुट्टी होती. नीवेसनं मला ख्रिस्तजन्माच्या देखाव्यांच्या संग्रहालयात नेलं. नीवेस म्हणजे तीच इथली, उत्तरेकडची मुलगी, जिला तू ‘मक्याचा घाटा खाणारी’ म्हणतेस. आई, एक अख्खं दालन आपल्या नेपल्सकडचं! मासळीवाला तर हुबेहूब विचेन्झोमामा, तोंड उघडं ते उघडंच. धोबिणी, पिझ्झावाला, भांडणाऱ्या बायका... या गर्दीत गोठा सापडेना. सापडला, आणि बघतो तर काय, बाळ येशू गव्हाणीत आत्ताच!

डोकंच फिरलं माझं. आपल्याकडे चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत बाळ तुझ्या कपाटात, रुमालात. मग घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं ते ठेवायचं. दाढीमिशा आलेला घोडा झालो तरी दरवर्षी मीच ठेवतो.

मी दोरी ओलांडली आणि बाळावर रुमाल टाकला. धोक्याची घंटा अशी ठणाणली! राखणदार बाई धावत आल्या.

“अहो, हात काढा! काय चाललंय?”

“बाई, हा जन्मायला अजून सोळा दिवस आहेत!”

“आमच्याकडे तो बारा महिने जन्मलेलाच असतो.”

“मग त्या बिचाऱ्या मारियानं बाळंतपणातून उठायचं कधी?”

नीवेस हसून हसून भिंतीला टेकली. मग म्हणाली, “कातेल्लो, तुला सगळं वेळेवरच लागतं ना? मग ऐक. आपलं जूनमध्ये येईल.”

घंटा वाजतेच आहे, आणि मी खाली फरशीवर. मघाशी ओरडणाऱ्या बाईंनी आता खुर्ची आणली. ती नीवेसला दिली. मला म्हणाल्या, “तुम्ही बसा तिथंच.”

तर आई, हे असं आहे. लग्न करणारच, वसंतात, तू म्हणशील त्या चर्चमध्ये. शिव्या घालायच्या त्या मला घाल, तिला नको. ती तुला घाबरते. तुझं वांग्याचं कालवण कसं करतात हे मला तीनदा विचारून झालंय तिचं.

पण नाताळला मी येत नाही. डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास नको म्हटलंय, आणि तिला एकटी सोडून मी यायचा नाही.

गोदामातल्या खोक्यांचा घरी गोठा केलाय. मागचा डोंगर जरा वाकडा झालाय, मारिया आणि योसेफ बाजारचे आहेत. बाळ विकत घेतलं नाही. ते तू पर्समध्ये घालून आण. घर सोडून तू कुठं जात नाहीस, माहितीये. बाबांना गाडीत खिडकीजवळ बसव, म्हणजे कुरकुरणार नाहीत. स्टेशनवर मी उभा असेन.

तुझा, जूनपर्यंतच धाकटा,
कातेल्लो