शेवंताची तारीख माझ्या नावावर

१२ जाने., रवि.
मी बोलून राह्यली, मयुरी लिहून राह्यली. मले अक्षर येत नाही, तिले गप्प बसता येत नाही, म्हणून दोघींचं जमते. जसं बोलते तसंच लिही म्हटलं, तरी नात माझे शब्द निम्मे सरळ करते. करू दे. मले कुठं वाचता येते.

उन्हात खाट टाकली. मोतिबिंदूमुळे अंगणापलीकडचा हरभरा हिरवा दिसत नाही, नुसता ओलसर धूर. त्या धुरातून कधी कधी हिचे आजोबा येतात, सायकल हातात धरून. त्यांना जाऊन वर्षं झाली. जवळ आले की ते लिंबाचं झाड निघते. डॉक्टरले हे सांगितलं नाही.

मयुरीची नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण बसते इथंच आमच्या केनवडात, कोठीच्या खोलीत. वाशीमला डोळ्यांचं शिबिर आहे, त्याच्या तारखा घ्यायची वेबसाइट तिची कंपनी चालवते. पुढचं रंगीत पान दुसऱ्या कोणाचं, मागचं काम हिचं. आज माझ्या फोनवर माझा नंबर टाकून मले वेबसाइटच्या आत नेलं. मागचं काम म्हणजे काय, विचारलं.
"आत आलेला माणूस कोण, ते ध्यानात ठेवायचं, आजी."
म्हटलं, हे तर मी सगळ्या लग्नांत करते. फुकट.

१७ जाने., शुक्र.
सुनेचं हळदीकुंकू. कुंकवाच्या बाया पुढच्या खोलीत, आमी पाच बिनकुंकवाच्या मागच्या ओसरीवर. तिळगुळ मागं आला, वाण पुढंच राह्यलं. रिकामं बसून काय करायचं, तर शिबिराच्या तारखा घेतल्या. माझा फोन मधात. आमच्यातली वत्सला सातवी शिकलेली, ती वाचत होती अन् दाबत होती. मयुरी आत मीटिंगमधे.

पहिली शेवंता, माझी धाकटी जाऊ. तिचा डावा डोळा गेलाच. उजव्याचा मोतिबिंदू पिकला, आता थांबू नका, असं डॉक्टरनं बजावलं आहे. तिनं महिनाअखेरचा गुरुवार घेतला. मग बाकीच्या. शेवटी मी. मीही तोच गुरुवार घेतला, जायले सोबत होईल.

फोन कोणता डोळा अन् कोणता दिवस, एवढंच विचारे. नाव कोणालेच विचारलं नाही.
शेवंता म्हणे, "बाई, हे लई हुशार दिसते. इचारल्याबिगर वळखते."
आमी हसलो. तिळगुळ दातात अडकला.

२० जाने., सोम.
मेसेज एकच आला. माझं नाव, गुरुवार. शेवंता विचारत आली, "माह्यं?" मयुरीनं फोन घेतला, वाचला, पुन्हा वाचला. शिबिराच्या जागा आता भरल्या. पुढचं शिबिर कधी, कोणाले माहीत नाही. बाकीच्या तिघी थांबू शकतात, शेवंता नाही.

रडकुंडीले आली पोरगी. म्हटलं, आधी समजून सांग, मग रड.

ती म्हणे, एकदा आत गेलं की माणसाची एक खूण फोनमधे राहते. फॉर्म आला की सर्व्हर ती खूण पाहते अन् आपल्याआपण नाव लावते. "पुन्हा पुन्हा नाव काहून विचारायचं, म्हणून मी ते काढून टाकलं होतं. एका फोनवर पाच बाया बसतील असं वाटलंच नाही."
म्हटलं, "केनवडातच वाढली ना तू?"
तेवढं लागलं तिले. लागायलेच पाहिजे होतं.

माझ्या परीनं मी असं समजली. गिरणीवर डबे रांगेत असतात, नाव कोणावरच नसते. वर बांधलेलं फडकं पाहून गिरणीवाला ओळखते. आमी पाचजणींनी आपापलं धान्य माझ्याच डब्यात ओतलं, अन् ओतताना आधीचीचं काढून टाकलं. सर्व्हरले वाटलं असेल, एकच म्हातारी आहे, पाचदा मन बदलते.

२१ जाने., मंगळ.
सर्व्हरच्या मागच्या कपाटात सगळं राहते म्हणे, कोणत्या खुणेनं कधी काय दाबलं ते. किल्ली मयुरीजवळ आहे, पण त्यात लोकांचंही असते, म्हणून तिनं कंपनीतल्या सरांना विचारलं. आपल्यापुरतं पाहा, असं ते म्हणाले. चहाच्या वेळी वाचून दाखवलं. पाच ओळी. सगळ्यात वर गुरुवार, उजवा डोळा.
"म्हणजे पहिली शेवंताच."
"हो. पण नाव तुझं."
"मंग मागून हात घाल अन् बदल."
"हात पोचते, आजी. पण घालणार नाही. तिथं वाट पाहणाऱ्या सगळ्याच कोणाच्या तरी शेवंता आहेत."
"बरं. माह्या नावावर तिलेच टेबलावर झोपवते."
"तिले साखर आहे, तुले नाही. कागद तुझा अन् डोळा तिचा. डॉक्टर कोणत्या भरवशावर चिरणार?"
हिले मीच बोलायले शिकवलं होतं. चूक झाली.

२२ जाने., बुध.
दु. खाटेवर डोळा लागला. आगगाडीएवढी लांब गिरणी. दोन्ही अंगानं डबे, सगळ्यांवर माझंच निळं फडकं. शेवंता एकेक डबा हातानं चाचपत चालली. तिचा कोणता ते मले माहीत, पण तोंड उघडेना. आजोबा गिरणी चालवत होते. आवाज नाही, नुसतं पीठ उडते, हळू, धुक्यासारखं. त्यांनी माझ्याकडं पाहून...
मयुरीनं चहा आणला. पुढचं गेलं.

२४ जाने., शुक्र.
सरांचं उत्तर आलं. आता दर वेळी नाव विचारणार. मयुरीनं चूक आपली म्हणून आपणहून लिहिली होती. ते रागावले नाहीत. पण हातानं कोणाचं नाव कोणी बदलणार नाही. वाट एकच. मी माझी तारीख सोडायची, जागा मोकळी होते, तेवढ्यात शेवंतानं आपल्या नावानं मागायची. मधात जिल्ह्यातलं कोणीही ती उचलू शकते.
"मधात म्हणजे किती?"
"पापणी लवते तेवढा."
मग पोरगी हळूच म्हणे, "अन् तुझा डोळा?"
म्हटलं, मले धुकं मानवते. पाहुणे दिसत नाहीत, म्हणून उठा लागत नाही.
"असंच लिहू?"
"लिही." अन् हेही लिही, की परवा तवा समजून विस्तवावर हात ठेवला. घरात सांगितलं नव्हतं.
मयुरीचा हात थांबला. पुढं लिही, म्हटलं.

२५ जाने., शनि.
शेवंता धुतलेलं लुगडं नेसून आली, जशी आजच वाशीमले चालली. तिचा बटनाचा फोन आणला. त्यावर आलेला आकडा मयुरीच्या फोनात टाकून तिले तिच्या नावानं आत नेलं. मयुरीनं नाव दोनदा मोठ्यानं वाचलं. गोधडीवर दोन फोन शेजारीशेजारी. सोडायचा अंगठा माझा. सुकलेला अंगठा फोन घेईना. पदराले पुसला, पुन्हा दाबला. शेजारच्या फोनवर मयुरीनं शेवंतासाठी दाबलं.

माझ्यावर आलं, रद्द झालं. दुसऱ्यावर आलं, विनंती पोचली, मेसेज येईल. कधी, ते लिहिलं नाही.
"बाई, काय दिसते?"
"मले कायले विचारते? आपल्या दोघीत मिळून एक डोळा नाही."
हसली. मयुरीले म्हटलं, बसल्या बसल्या लिही तरी.
ऊन खाटेवरून खाली उतरलं. शेवंता फोन मुठीत धरून बसली आहे. वाजला नाही अजून.