दहावं चाक

तोरानो,
५ मे १९९१

ती. आर्जियाताईस,
धाकट्या लिबेरोचा सा. न. वि. वि.

ईस्टरचा गोड पाव पोचला. आईने दात नाहीत, दात नाहीत करत एकटीनेच संपवला. मला कागद दिला, त्याला चिकटलेले बेदाणे मी खाल्ले.

मोठी बातमी अशी की अमेरिकाना सुरू झाली. बाबा गेल्यापासून त्यांचा ट्रक अंजिराखाली उभा होता आणि त्यात कोंबड्या बाळंत होत होत्या, हे तुला माहीतच आहे. परवा इंजिनाने असा काही खोकला काढला की कोंबड्या थेट चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. युद्ध संपल्यावर अमेरिकनांच्या छावणीतून बाबांनी ती कवडीमोलाने आणली, तेव्हा पण अशीच खोकायची म्हणे.

आता राहिली चाकं. बाबांनी खाणीतून उतरवायच्या संगमरवराच्या वजनाला भिऊन मूळची चाकं भंगारात दिली आणि भलत्याच गाडीची जाड चाकं भोकं पाडून बसवली. ती पार गंजली. पण मी मूळच्यासारखी दहा मिळवली आहेत. पुढे दोन, मागच्या दोन आसांवर जोडीजोडीने आठ. सहाच्या सहा भोकं काजात बटण बसावं तशी बसतात. माझ्या हुशारीचं कौतुक तू करणार नाहीस, म्हणून मीच करून घेतो.

हा सगळा खटाटोप आईसाठी आहे. पंधरा ऑगस्टला वर खाणीत सणाची मिस्सा-प्रार्थना होते, तिला एकदा अमेरिकानातून तिथे जायचंय. गुडघे संपले आणि माझी चिमुकली फियाट त्या वाटेला नुसती बघूनच तापते. आईचं म्हणणं आणखी असं की शेजारी आर्जिया बसली पाहिजे. बाबांच्या मागे तू सणाला एकदाही आली नाहीस. मारिनोभावजींचं दुकान चार दिवस बंद राहिलं म्हणून त्रिएस्ते अनवाणी फिरणार नाही.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नये.
तुझा लिबेरो


त्रिएस्ते,
१६ मे १९९१

चि. लिबेरो यास अनेक आशीर्वाद.

कोंबड्यांची हकीकत वाचून मारिनोला जेवताना ठसका लागला. बटण आणि काज जुळलं म्हणजे सदरा अंगाला होतोच असं नाही, एवढं मात्र मोठ्या बहिणीचं ऐकून ठेव.

आम्ही ठीक. या हिवाळ्यात बोरा वाऱ्याने शेजाऱ्यांची खुर्ची, आमची दोरी आणि माझे तीन टॉवेल नेले. अंगणात बाबांनी लग्नात दिलेलं संगमरवरी टेबल तेवढं जागचं हललं नाही. त्यावरच बसून लिहिते आहे.

ऑगस्टचं मात्र कठीण दिसतं. उन्हाळी वहाणांचा सेल तेव्हाच असतो आणि मारिनो गिऱ्हाइकाला एकटा पुरा पडत नाही. आईला सांग, नाताळात नक्की बघू. तिच्या गुडघ्यांना कापूर लाव.

आठवण आहे, तशीच असू दे.
तुझी ताई


तोरानो,
९ जून १९९१

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी जीभ काळी आहे असं आई म्हणते ते उगीच नाही.

आधी नटांचं सांगतो. या गाडीच्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, हे मी विसरलो. सैल करतोय म्हणत आवळतच गेलो आणि बोल्टच मोडला. आई खिडकीतून म्हणाली, तुझा बाप उजव्या बाजूला मालकाला शिव्या द्यायचा आणि डाव्या बाजूला पाद्र्याला, म्हणून तो कधी चुकला नाही. तू देवभोळा निघालास, त्याचं हे फळ.

मग चाकं चढवली. पुढची छान बसली. मागे जोडी लावली तर दोन्ही टायर एकमेकांना चिकटून उभे, मध्ये बोट जाईना. असं चालवलं तर घासून तापतील आणि खाणीच्या एखाद्या वळणावर फुटतील. भोकं बरोबर आहेत, पण चाकाचं पोट खोल नाही. त्याच सैन्याची एक हलकी गाडी होती, भोकं तीच, पोट उथळ. मी सूपची थाळी समजून आणली ती निघाली बशी.

आता खरी खोली किती, ते कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. गाडीच्या पुस्तकात टायरचं माप आहे, पोटाचं नाही. या गाड्यांचे दोन जाणकार गाठले. दोघांनी दोन मापं सांगितली आणि आता ते एकमेकांशी बोलत नाहीत. लहानपणी चाकं रंगवायचं काम तुझ्याकडे होतं. म्हणून विचारतो, काही आठवतं का? नाही आठवलं तर आईचं वर जाणं राहिलंच म्हणायचं.

कळावे, चिडवण्यात कमी करू नये.
तुझा लिबेरो


त्रिएस्ते,
२१ जून १९९१

चि. लिबेरो यास आशीर्वाद, आणि अक्कलही.

सोबत विणायची सुई पाठवते आहे. तिला लाल दोरा बांधलाय तो सोडू नकोस. चाक आडवं ठेव. कडेवर आडवं लाटणं टाक. सुई मधल्या सपाट भागावर, जिथे नट बसतात तिथे, उभी टेकव. दोरा लाटण्याच्या खालच्या कडेला आला तर चाक आपलं. नाही आला तर भंगारवाल्याला नमस्कार करून घरी ये.

एवढं नेमकं कसं आठवलं ते विचारू नकोस. बायकांना मापं लक्षात राहतात. सुई परत कर, मारिनोच्या स्वेटरची एक बाही अडली आहे.

आईला पापा. माया आहे तेवढी राहू दे.
तुझी ताई


तोरानो,
१९ जुलै १९९१

ती. ताईस साष्टांग नमस्कार, या खेपेला खरोखरचा.

सुई घेऊन खाली सपाटीवर गास्तोने भंगारवाल्याकडे गेलो. मी लाटणं काढलं तेव्हा त्याने विचारलं, शेवया करणार की स्वेटर? संध्याकाळपर्यंत तोच सुई घेऊन चाकाचाकाशी ओणवा होत होता. नऊ चाकांवर दोरा अगदी कडेला आला. घरी आणून मागे जोडी लावली, तर दोन टायरांच्या मधून माझी मूठ आरपार गेली. तीच मूठ मी हवेत उडवली आणि बघायला आलेल्या पाद्रीबाबांच्या टोपीला लागली.

पण दहावं मिळेना. गास्तोनेने ओळखीच्या सगळ्या भंगारवाल्यांना फोन केले, कुठेच नाही. सपाट रस्त्यावर एका जोडीतलं एक चाक नसलं तरी गाडी रेटता येते. आईला बसवून, त्या चढाला, त्या वळणांवर मी ते करणार नाही.

तिला अजून सांगितलेलं नाही. ती रोज काठी टेकत अंजिराखाली जाते, चाकं मोजते आणि परत येते. ते मला बघवत नाही. तुझी सुई दाखवली तेव्हा मात्र खोकला लागेपर्यंत हसली. म्हणाली, तुझी बहीण जेवते कुठे ते विचार. मी म्हटलं टेबलावर जेवते, आणखी कुठे. तर पुन्हा हसली. वय झालं ताई, आई आता भरकटते.

तुझा हिरमुसलेला
लिबेरो


त्रिएस्ते,
२६ जुलै १९९१

चि. लिबेरो यास आशीर्वाद.

आई भरकटत नाही. तूच बावळट आहेस. आमच्याकडे इतक्यांदा आलास, त्या टेबलावर कोपरं टेकून माझा मासळीचा रस्सा ओरपलास, पण खाली कधी वाकून पाहिलं नाहीस. त्याचा पाय म्हणजे अमेरिकानाचं चाक आहे. मी त्याच्याभोवती जिरेनियमच्या कुंड्या मुद्दाम मांडते. तुला कळलं असतं तर पाना घेऊन आला असतास, हे मला ठाऊक होतं. सुई त्याच्यातच उभी करून माप घेतलं.

माप दिलं, भागलं, असं मला वाटलं होतं. टेबल द्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण आई रोज जाऊन चाकं मोजते हे वाचलं आणि मी कुंड्या बाजूला केल्या. मारिनोला सांगितलं, तर तो उठला आणि हातोडी घेऊन आला. वरचा दगड भिंतीला टेकवून ठेवलाय. आम्ही इस्त्रीच्या टेबलावर जेवतो, पाव घसरतो. चाक खरवडलं तर माझा पांढरा रंग, त्याखाली लाल, आणि सगळ्यात खाली तो जुना सैन्याचा हिरवा.

रेल्वेवर माझा भरवसा नाही. दुकानाला कुलूप लावून आम्ही दोघं चाकासह गाडीने येतो. आईला सांग, शेजारची जागा राखून ठेव. त्रिएस्ते फिरू दे अनवाणी.

भेटीत बाकीचं. तोवर माझ्यावर हसू नये.
तुझी ताई


तोरानो,
२ सप्टेंबर १९९१

चि. सौ. आर्जिया हीस आईचे पोटभर आशीर्वाद.

लिबेरो म्हणाला मी लिहून देतो. मी म्हटलं तुझं अक्षर चाकाखाली आल्यासारखं असतं, मीच लिहिते.

सण फार छान झाला. तू प्रत्येक वळणाला ब्रेक ब्रेक ओरडलीस, मारिनो संगमरवरासारखा पांढरा पडला आणि मागे उभे पाद्रीबाबा टोपी धरू की दांडा धरू करत होते. वर पोचल्यावर लिबेरोने भोंगा वाजवला तेव्हा म्हातारे खाणवाले उठून उभे राहिले. तुझा बाप मिस्सा चालू असताना ज्या दगडावर पाठ फिरवून विडी ओढायचा, तो दगड मी पाहून घेतला. माझं मन भरलं.

वर तू मला विचारलंस की दगडाच्या गावात दगडाची काय वाण, बाबांनी टेबलाला चाकाचा पाय का दिला. तोंडात पाव आणि लार्डोची खारवलेली चरबी आहे असं दाखवत मी हात हलवला. तिथे सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि पाव तसाच राहिला असता. आता सांगते.

जुनी चाकं भंगारात गेली तेव्हा एक जादा चाक त्याने ठेवून घेतलं होतं. तुझं लग्न ठरलं, मी म्हटलं पोरीच्या टेबलाला घडवलेला दगडी पाय दे, लोक काय म्हणतील. तो म्हणाला, जादा चाक घरी ठेवून काय उपयोग? जो लांबच्या रस्त्याला लागला त्याच्यापाशी ते हवं, म्हणजे घरी येता येतं. हे तुला तोंडाने सांग, म्हटलं. तर म्हणाला, तिला कळेल. त्याला दगड फोडता यायचा, बोलणं नाही. तुला अडचण आली नाही, देवाची कृपा. पण दर उन्हाळ्यात तो फाटकाकडे बघायचा, हे मी पाहिलंय.

तुमच्या बंदरावर दगड घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याबरोबर तुझं चाक परत पाठवते आहे. सुई त्यालाच बांधली आहे. टेबल मांडून घे, पाव घसरू देऊ नकोस. गास्तोनेला दहावं चाक मिळालं, लिबेरो नाचत घेऊन आला. मी ते लावू दिलं नाही. त्यात कोंबडी अंड्यांवर बसवली आहे. अमेरिकानाचा तो कोपरा ठोकळ्यावर टेकवून ठेवलाय, आणि लिबेरोला बजावलंय की माझ्या हयातीत ही गाडी नऊ चाकांवरच उभी राहील.

दहावं तुझ्याकडे आहे. पुढच्या ऑगस्टला घेऊन ये.

तुझी आई
झेलिंदा