आत आहेसच तर चालू कर

दि. १२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मास्तर यांस,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? काकू सांगतात तसा शेक घेता, की नुसतंच "घेतो, घेतो"? मी ठीक. आई म्हणते वाळलोय. ते प्रेमभंगामुळे, काळजी नसावी.

तुमच्या हाताखाली सव्वा वर्ष काढलं. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या पोराला रक्त तपासायच्या लॅबच्या सर्व्हर खोलीत कोण उभं करतं? तुम्ही केलंत. त्याबद्दल एकदाही धड आभार मानले नाहीत. भांडलो मात्र रोज, तेही सगळे रिपोर्ट ठेवणाऱ्या सर्व्हर मशीनच्या पोटातल्या त्या कार्डावरून. लांब बसून मशीन चालू-बंद करायचं कार्ड, पण ते इतकं जुनं की उघडायला कोपऱ्यातल्यासारखा म्हातारा लॅपटॉपच लागायचा. ब्राउझर लाल अक्षरांत "असुरक्षित" म्हणून बोंबलायचा आणि तुम्ही "हो रे बाबा, कळलं" म्हणत पुढे जायचात. पासवर्ड कारखान्यातून आला तोच. वर सगळं इंटरनेटवर उघडं! "हे कुलूप नाही, कुलपाचं चित्र आहे," असं मी ओरडायचो. तुम्ही मालकांना तीनदा लिहून दिलंत. उत्तर एकच: "चालतंय ना? मग हात लावू नका."

मग रिपोर्ट काउंटरवालीनं मला "नाही" सांगितलं आणि मी डोक्यात राख घालून राजीनामा फेकला, हे तुम्हाला माहीत आहे.

पुढचंही माहीत आहे. तरी लिहितो, कारण आजवर मी ते तोंडानं बोललेलो नाही. त्या मंगळवारी दुपारी घरच्या तसल्याच जुन्या लॅपटॉपवरून मशीन मीच बंद केलं. मला वाटलं, अडलं की तुम्ही मला बोलवाल, मी येऊन दोन मिनिटांत चालू करेन आणि ती बघेल. एवढीच अक्कल.

फोन आला. हे काम कुणाचं ते तुम्ही ओळखलं होतंत, तरी आवाज शांत. "आत आहेसच तर चालू कर. मगच बाहेर पड. एका माणसाच्या आईला ऑपरेशनला घेतायत, रिपोर्ट अडकलाय. तो काउंटरवर त्या पोरीला वाट्टेल ते बोलतोय."

मास्तर, घाईत तो दळभद्री पासवर्डसुद्धा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला आणि मशीन चालू केलं. रिपोर्ट वेळेत मिळाला, हे तुम्हीच नंतर कळवलंत. शिवी एक नाही. मी रडलो, हे कुणाला सांगू नका.

काल लॅबचे लेखनिक भेटले. म्हणाले, "मास्तरांनी सगळं स्वतःवर घेतलं. महिनाअखेर घरी बसवणार त्यांना." तुमचं उपकाराचं ओझं मी जन्मभर वाहीन, पण हे नाही वाहायचं.

हे पत्र मालकांना दाखवा म्हटलं तर तुम्ही फाडून टाकाल, ओळखतो मी तुम्हाला. म्हणून याचीच एक प्रत सकाळी त्यांच्या हातात दिली. तुमच्या तीन अर्जांच्या तारखाही खाली लिहिल्या. सोमवारी दहाला बोलावलंय. पोलीस असतील तर असोत. काकूंना सांगा, पोरगं उशिरा का होईना, पुढच्या दारानं आलं.

तुमचा विद्यार्थी,
आणि मशीन बंद करणारा