सरकारांच्या उजव्या हाताला

ता. २ फेब्रुवारी १९५३, सोम.
सायं. क्लब. नवे चिटणीस (वकील, तेही दिवाणी) म्हणाले, दादू मार्करला (कोर्ट सांभाळून सभासदांशी खेळणारा क्लबचा नोकर) काढू, पुण्याहून सर्टिफिकेटवाला टेनिस-शिक्षक आणू. मी आडवा पडलो. गेली बारा वर्षं मी दादूकडेच शिकतो. शेवटी ठरलं : त्याची शिष्या, म्हणजे माझी पुतणी शालू, सांगलीच्या स्पर्धेत एक फेरी जिंकली तर दादू राहील. एकच फेरी. निश्चिंत झोपलो.

ता. ५
शालूचा सराव पाहिला. दादू : "ताईसाब, चेंडू मारायचा न्हाय. पुसल्यागत कापायचा." चेंडू गिरकी घेत नेट ओलांडतो, पडला की पुढे सरकायलाच राजी नाही. तिच्या विजयाच्या बातमीचा मथळा मनात तयार.

ता. ८, रवि. सांगली.
हरली. ६-१, ६-०. कट उत्तम, पण प्रत्येक चेंडू समोरच्या मुलीच्या उजव्या हाताशी, कमरेइतका, ताटात वाढल्यासारखा.
परतताना यस्टीत शालू : "काका, ती जागची हललीसुद्धा नाही."
"मग लांब टाकायचास."
"लांब टाकला की दादूमामा रागावतात."

ता. ९
दादूला गाठलं. चेंडू कुठे टाकायला शिकवतोस?
"सरकार हुबं असतील तितं. उजव्या हाताला."
आणि कट कशाला?
"चेंडू दमानं यावा म्हनून की. सरकारास्नी पळाय लागू न्हाये."
जहागीरदारांच्या कोर्टावर तेवीस वर्षं काढलेला माणूस. म्हटलं, अरे, मग जिंकायचं कसं?
"जिंकत्यात की. सरकार."
घरी निघालो आणि अर्ध्या वाटेत पाय थांबले. दर शनिवारी मी ह्याला हरवतो. बारा वर्षं. परत गेलो, विचारलं. तो नेट गुंडाळू लागला.
"पंत, तुमची डावी बाजू लई नाजूक हाय. तिकडं मी कदी टाकलाच न्हाय."
रात्री जेवण गेलं नाही. सौ.ला पित्त सांगितलं.

ता. ११
दादूला शपथ घातली, आज खरं खेळ. वीस मिनिटांत ६-०. मी उजवीकडे धावावं, चेंडू टप्पा पडताच डावीकडे वळावा. दोनदा पडलो. दोन्ही वेळा दादू पलीकडून धावत आला, "लागलं न्हाय न्हवं?"
शालू पायरीवरून उठून आली. "मामा, हे मला का नाही शिकवलंत?"
"ताईसाब, हे कुनासंगट खेळायचं असतंय त्येच ठावं न्हवतं."

ता. १३
चिटणीसांना सगळं सांगितलं. दादूची बाजू मांडली, तीच पुरावा म्हणून त्याच्यावर उलटली. "म्हणजे हरायलाच शिकवतो की हा." बऱ्याच विनवण्यांनंतर : "रविवारी माझ्याशी खेळू दे. मग ठरवतो." हे गृहस्थ हरले की रॅकेट फेकतात. मागच्या महिन्यात माळ्याला लागली.

ता. १४, शनि.
दादू आला. वहाणा दाराबाहेर, बस म्हटलं तर बसेना.
"पंत, उद्या सायबास्नी हरवू का जिंकू देऊ? तुमी सांगशीला तसं."
तरुणपणी न्यायशास्त्र घोकलेला मी. दोन्ही पक्ष मांडून पाहिले. दोन्ही पटले. सौ.ने चहा दिला, तो उभ्यानंच प्याला.
जाताना म्हणाला, "सकाळी आठाला या. पयला चेंडू टाकायच्या आदी मी तुमच्याकडं बघीन."