नाथाजीनं न उचललेला भंडारा

प्रिय वीरधवल,

त्या दिवशीच्या फोननंतर तू माझा फोन उचलत नाहीस. ड्युटी असेल, असं मी मनाला समजावून पाहिलं, पण आबांना मात्र तू रोज संध्याकाळी न चुकता फोन करतोस. म्हणून पत्र लिहिते आहे. इकडे कडेगावात ऊसतोड सुरू झाली. थंडीनं आबांचा गुडघा पुन्हा धरला. तुझा वर्दीतला फोटो त्यांनी नव्या फ्रेममध्ये घालून सोप्यात लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "फौजेत इंजनं दुरुस्त करतोय आमचा" असं सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

इंजिनाचंच लिहायचं आहे. गणपतीच्या सुट्टीत तू येऊन गेलास आणि पाठोपाठ आपला ट्रक आजारी पडला. उभ्या उभ्या हिवताप भरल्यासारखा थरथरायचा. चढाला लागला की दम टाकायचा, मागं काळा धूर, पुढं डॅशबोर्डवर पिवळा दिवा. आबांनी डिझेलचा फिल्टर बदलला, टाकी धुऊन घेतली, इंजेक्टर काढून इस्लामपूरला तपासायला पाठवले. सगळं निर्दोष निघालं. अ‍ॅव्हरेज मात्र पडतच गेलं. यंत्रात खोट सापडेना, तेव्हा आबांनी ती माणसात शोधली. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणजे ड्रायव्हर वाटेत डिझेल विकतोय, असा त्यांचा सरळ हिशेब. ड्रायव्हर कोण, तर नाथाजी. तुला सायकल शिकवणारा, आई गेली तेव्हा आबांना स्मशानात धरून उभा राहिलेला नाथाजी.

आबा त्याला त्याच्याच गावी, बिरोबाच्या देवळात घेऊन गेले. त्याच्या भावकीसमोर म्हणाले, "या गाडीच्या तेलाला आन् इंजनाला माझा हात लागला न्हाई, एवढं म्हण आन् भंडारा उचल. मी तुझ्या पाया पडंन." डिझेल चोरलं नाही एवढंच विचारलं असतं, तर नाथाजीनं डोळे झाकून देवापुढच्या हळदीनं मूठ भरून शपथ घेतली असती. पण आबांनी इंजिनही त्यात घातलं. नाथाजीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. मालक, तेलाचं इचारा, एवढंच म्हणाला. आबांना तेवढ्यावरूनच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. देवापुढं कचरला तो चोर, असं सगळ्या देवळानं ठरवलं. आबांनी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली आणि घरी येऊन न जेवता झोपले.

मग नवा ड्रायव्हर ठेवला. गाडी तशीच थरथरत राहिली आणि एक दिवस कोयनेच्या घाटात मालासकट आडवी उभी राहिली. आबांना गुडघ्यानं जाववेना, म्हणून मी गाडी ओढून इस्लामपूरच्या गॅरेजला नेली. मिस्त्रीनं आत बॅटरी मारली आणि विचारलं, "ताई, ह्यातला ईजीआर कुणी काढला?" मी त्याच्याकडून समजून घेतलं. धूर कमी व्हावा म्हणून कंपनी एक व्हॉल्व्ह बसवते, जो जळलेल्या हवेतली थोडी पुन्हा इंजिनात सोडतो. तो जागेवर नव्हता. तिथं पत्रा कापून ठोकला होता, तो तापून वाकला होता आणि कडेनं हवा गळत होती. व्हॉल्व्हची वायर टेप गुंडाळून आत दडपली होती, त्यामुळे इंजिनाच्या मेंदूला खबर मिळत नव्हती आणि तो डिझेल अंदाजानं सोडत होता. मिस्त्रीनं दुसरा व्हॉल्व्ह बसवला. एका दुपारचं काम. गाडी आता शांत उभी राहते, आणि आबा म्हणतात, ड्रायव्हर बदलला म्हणून बरं झालं.

मी नाथाजीच्या घरी गेले. तो पावसापाण्याचं बोलत राहिला, इंजिनाचं नाव काढेना. शेवटी राहीबाईच बोलली. शब्द दिला होता तो तिच्या नवऱ्यानं, तिनं नाही. ईजीआर काढला की गाडी मोकळी पळते, अ‍ॅव्हरेज वाढतं, असं तू कुठंतरी ऐकून आलास. आबा बाजारला गेलेले बघून तूच तो काढलास. नाथाजीनं नट सोडायला हात लावला, आणि आबांना सांगायचं नाही म्हणून तू त्याच्याकडून शब्द घेतलास. मी हे आबांना सांगितलं तर त्यांनी तुझ्या फोटोकडं बघितलं. "माझं पोरगं असलं करंल व्हय?" मग मी तुला फोन केला. तू म्हणालास, "जाऊ दे की ताई. ड्रायव्हरला काय, दुसरी गाडी मिळंल." चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर सुळी चांगली मिळेल म्हणून धीर द्यायचा. मला तुझा राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली.

दुसरी गाडी मिळाली नाही. नाथाजी लोकांची मेंढरं राखतोय. जत्रेत त्याला ढोलाला हात लावू दिला नाही, आणि येत्या रविवारी भावकीची देवळात बैठक आहे, त्याला पंगतीत ठेवायचं की नाही यावर. त्याला पुन्हा विचारतील, आणि तुला दिलेल्या शब्दापायी तो पुन्हा गप्प बसेल. मी आबांना गाडीत बसवून तिथं नेणार आहे आणि सगळ्यांसमोर भंडारा उचलून तुझं नाव घेणार आहे. तुझ्या युनिटला टपाल पोचायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. तू हे वाचशील तेव्हा रविवार होऊन गेलेला असेल. मोबाईलवर दोन ओळी टाकता आल्या असत्या. पण मग तू शनिवारीच आबांना फोन लावून, आवाज जड करून सगळं कबूल केलं असतंस, आणि पोरगं किती खरं बोलतं म्हणून आबा गावभर सांगत फिरले असते. ते मला ऐकायचं नव्हतं.

तुझीच,
क्रांतीताई