साठ अंशांची स्टिक

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर पाहून तुझी मामी म्हणाली, हा पोरगा पट्टी धरून लिहितो की काय. मी म्हटलं, नववीत शाळा सोडलेल्याला मास्तरांची भीती जन्मभर पुरते. रागावू नकोस. तुझी पत्रं मी शेजारीपाजारी दाखवत असतो.

आता कामाचं. तुझ्या वर्कशॉपात गोल्फच्या स्टिका बनतात म्हणून तुलाच विचारतो. आमच्या साहेबांनी टीव्हीवर साठ अंशांची वेज, ती बॉल आभाळात उडवणारी स्टिक, पाहिली आणि तेव्हापासून तिचाच ध्यास घेतला आहे. ग्रीनजवळ, भोकाचा झेंडा असतो त्या हिरवळीजवळ, आले की त्यांचा हात बिघडतो. बॉल एक तर वाळूत जाऊन बसतो, नाही तर पायाशीच लोळतो. बाईसाहेब गेल्यापासून ह्या मैदानाशिवाय त्यांना दुसरं घर नाही. परवा मात्र बाकावर बसून म्हणाले की बॅग कुणाला तरी देऊन टाकावी. साहेब यायचे थांबले तर माझ्यासारख्या म्हाताऱ्या कॅडीला बॅग उचलायला कोण बोलावणार? तरणे कॅडी दोन-दोन बॅगा खांद्याला मारून पळतात, आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत.

तर हौशी माणसानं ही स्टिक बाळगावी का, ते कळव. खरं ते लिही, पण जमलं तर हो लिही.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
मामा

९ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मिस्त्रींनाही विचारलं, कारण माझ्या एकट्याच्या सांगण्यावरून तुमचं काही बिघडायला नको. मिस्त्री म्हणाले, गिऱ्हाईक मागेल ते द्यावं, सल्ला विचारला तर खोकावं. तेव्हा खाली लिहितो ते माझं मत समजा.

वेजचं पातं जितकं आभाळाकडे कललेलं, तितका बॉल उंच जातो आणि पडल्या जागी थांबतो. हे खरं आहे आणि दिसायला फार सुंदर आहे. पण इतक्या कललेल्या पात्यानं थोडंसं अंतर काढायलाही मोठा, जोराचा हात फिरवावा लागतो. टीव्हीवरची माणसं रोज तेवढंच करून तो हात बसवतात. साहेब खेळतात, पण सराव करत नाहीत, असं तुम्हीच मागे एकदा लिहिलं होतं. हात जरा चुकला की पात्याची धार बॉलच्या पोटात बसते. मग बॉल वर न जाता छातीच्या उंचीनं सरळ सुटतो, आणि जोर तर सगळा मोठ्या हाताचाच असतो. जुन्या, कमी कलाच्या वेजनं छोटा हात मारून बॉल घरंगळवत नेला तर चूक झाली तरी ती लहानच होते. मी साहेबांच्या घरचा असतो तर नको म्हटलं असतं.

तरी काही हौशी लोकांना ही स्टिक लाभलेली मी पाहिली आहे, त्यामुळे छातीठोकपणे नको म्हणवत नाही. ऑर्डर आली तर मी स्वतः मन लावून करीन. एवढंच करा, साहेबांच्या हातात ती असताना समोर उभे राहू नका.

मामीस नमस्कार. रात्री गुडघ्याला शेक घेत जा.

तुमच्याच मायेवर वाढलेला,
बारक्या

२१ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

स्टिक आली! पात्यात तोंड दिसेल अशी घासली आहेस. साहेबांनी ती पहिल्या दिवशी हातातून खालीच ठेवली नाही, बॅगेत घालू का विचारलं तर म्हणाले, राहू दे.

पहिले चार-पाच दिवस तुझंच खरं होणार असं वाटलं. मग गेल्या बुधवारी वाळूच्या खड्ड्यापलीकडून त्यांनी मारलेला बॉल असा काही वर गेला की मी मान मोडेपर्यंत पाहत राहिलो. खाली आला तो कबुतर वळचणीला बसावं तसा झेंड्यापाशी बसला. हललाही नाही. साहेब एवढे हसले की त्यांना खोकला लागला. बाईसाहेब गेल्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते पहिल्यांदा. बॅग देऊन टाकायचा विषय आता निघत नाही.

समोर उभं राहू नका म्हणतोस, पण साहेबांची नजर अधू झाली आहे रे. पूर्वी बॉल घरंगळवायचे तेव्हा मी शेजारी असलो तरी चालायचं. आता उंच मारायचा तर नेम धरायला काहीतरी हवं, आणि लांबून त्यांना झेंडा दिसत नाही, माझा पांढरा शर्ट दिसतो. म्हणून मी झेंड्याला लागून उभा राहतो, हात वर करतो, आणि ते माझ्यावर नेम धरतात. बाकीचे कॅडी मला खांब म्हणून हाक मारतात. म्हणू देत. ह्या खांबावाचून साहेबांचं चालत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

तू फार काळजी करतोस. तुझ्या वयाला शोभत नाही.

तुझं भलं चिंतणारा खांब,
मामा

२ मे

चि. बारक्यास,
अ. आ.

मी कधी लिहीत नाही, म्हणून अक्षर पाहूनच तुला काहीतरी बिनसल्याचं कळलं असेल. मामांचा डावा डोळा गेला.

शुक्रवारी सकाळी ते नेहमीसारखे झेंड्यापाशी हात वर करून उभे होते. बॉल वर आलाच नाही, सरळ आला. तू लिहिलं होतंस तसाच. डॉक्टरांनी दोन दिवस प्रयत्न केले, मग म्हणाले की आता दुसरा जपा. दुसराही काही धड नाही, त्यात मोतीबिंदू धरतो आहे, हे ह्याच निमित्तानं समजलं.

साहेब दोन्ही दिवस दवाखान्यात बाकावर बसून होते. जेवले नाहीत. मी त्यांना चार शब्द सुनावायचे म्हणून बाहेर गेले आणि त्यांचं तोंड पाहून पाणी देऊन परत आले. ह्यांनी तर कमालच केली. शुद्धीवर येताच साहेबांना सांगितलं की चूक माझीच, मी उगीच पुढे वाकलो. वाकले नव्हते, बारक्या. मला दुसऱ्या कॅडीनं सांगितलं.

तू लगेच धावत येऊ नकोस, रजा मिळणार नाही. पत्र मात्र पाठव. ते मी त्यांना वाचून दाखवीन.

तुझी,
मामी

११ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझी तिन्ही पत्रं मामीनं वाचून दाखवली. रडत लिहिलेली पत्रं वाचून दाखवणारीही रडते, मग मी कुणाकुणाला सांभाळू? ती तुझी चूक नाही. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही, विषय संपला.

सोमवारपासून कामावर जातो आहे. काळा चष्मा लावतो, त्यात मी सिनेमातल्या गुंडासारखा दिसतो असं मामी म्हणते. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. चहा कपाऐवजी टेबलावर ओततो. पण झेंड्यापाशी जाऊन हात वर करायला अंदाज कशाला लागतो?

साहेबांनी ती स्टिक बॅगेतून काढून कपाटात ठेवली होती. पुन्हा जुन्या स्टिकनं खेळायला लागले आणि पुन्हा बॅग देऊन टाकायची भाषा आली. शेवटी मीच ती कपाटातून काढून त्यांच्या हातात दिली. आता ह्याला वेडेपणा म्हण, नाही तर आणखी काही. घरी बसून भिंतीकडे पाहण्यापेक्षा ते बरं.

तिची पकड सैल झाली आहे म्हणून तुझ्याकडे पाठवतो आहे. नवी बसवून लवकर धाड.

अजून एका डोळ्यानं तुझ्यावर नजर ठेवून असलेला,
मामा

२४ जून

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मामांना वाचून दाखवू नका. वाचून झालं की फाडून टाका.

स्टिक आज परत पाठवली. पकड नवी बसवली आहे, पण तेवढंच केलेलं नाही. मिस्त्री जेवायला गेले तेव्हा मी पातं वाकवून त्याचा कल चार अंशांनी कमी केला आणि बुडाचा फुगवटा घासून काढला. तो फुगवटाच पात्याला जमिनीत रुतू देत नाही. आता साहेब हात फिरवतील तेव्हा पातं बॉलच्या आधी मातीत घुसेल आणि बॉल त्यांच्या पायाशीच पडेल. वर साठचा आकडा तसाच आहे, नुसत्या नजरेला काही कळणार नाही.

दोन-चार दिवस असं झालं की साहेब कंटाळून तिला बॅगेतून काढतील, जुनीनं घरंगळवत खेळतील, आणि मामा त्यांच्या शेजारी उभे राहतील. मी असा हिशेब केला आहे. वर्कशॉपात कळलं तर मला काढून टाकतील, कारण इथे सांगितल्याच्या बाहेर पात्याला हात लावायचा नाही असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. पण मामांचा तो एक डोळा राहिला पाहिजे. मला दुसरं काही सुचलं नाही.

आशीर्वाद द्या, नाही तर रागवा, पण कळवा.

आपला,
बारक्या

२० जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

साहेबांनी खेळ सोडला.

तुझी स्टिक आल्यावर एकही बॉल धड उठला नाही. दर खेपेला पातं मातीत. मी म्हटलं, ही राहू द्या, जुनी घ्या. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, स्टिक तीच आहे, ह्याच हातांनी हिनं मारलेले बॉल तू पाहिलेस, मग बिघडलं असेल ते हातात. पाचव्या दिवशी स्टिक गवतावर ठेवली आणि बॅग न घेता गाडीत जाऊन बसले.

मी दोनदा घरी जाऊन आलो. व्हरांड्यात बसलेले असतात. माझ्यासमोर दोन्ही हात पसरतात आणि विचारतात, कापतात का रे? माझा एक डोळा काय सांगणार? म्हणतात, ह्याच हातांनी तुझा डोळा घालवला, तेव्हाच कळायला हवं होतं. नोकर म्हणतो, ताट आत जातं तसं बाहेर येतं.

मग घरी येऊन मामीजवळ हे बोललो, तर ती स्टिकचा विषयच टाळायला लागली, म्हणून मी खोदून विचारलं. तिनं सगळं सांगितलं. पत्र तिनं फाडलेलं नव्हतं.

तुझ्यावर राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तू माझ्यासाठी केलंस हे कळतं. पण मी साहेबांना खरं सांगितलं तर तुझी नोकरी जाते, नाही सांगितलं तर तो म्हातारा आपल्याच हातांना शिव्या देत मरतो. मी सांगितलेलं नाही. तूही गप्प राहा.

मामा

२७ जुलै

आदरणीय साहेबांस,
सा. न. वि. वि.

मी आपल्या कॅडीचा भाचा. आपली वेज मीच बनवली आणि जूनमध्ये मीच बिघडवली. पात्याचा कल चार अंशांनी कमी केला आणि बुड घासलं, म्हणजे ती मातीत रुतावी. आपल्याला किंवा मामांना ह्याची कल्पना नव्हती. आपले हात जसे होते तसेच आहेत.

मी हे आपला खेळ सुटावा म्हणून केलं नाही. मामा पुन्हा आपल्या समोर उभे राहू नयेत, एवढ्याचसाठी केलं. त्यांचा उरलेला डोळाही अधू आहे, हे ते आपल्याला कधी सांगणार नाहीत. आपण माझ्या मालकांना कळवावं, मी नाकबूल होणार नाही. मात्र कृपा करून मामांना झेंड्यापाशी पाठवू नये.

आपला अपराधी,
वर्कशॉपातला कारागीर

९ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

गप्प राहा म्हणून लिहिलं होतं. पण तुझं पत्र मीच साहेबांना वाचून दाखवलं, कारण त्यांचा चष्मा सापडेना. भिंग धरून, अडखळत वाचलं. तुझं अक्षर स्वच्छ म्हणून निभावलं.

हात जसे होते तसेच आहेत, इथपर्यंत आलो आणि साहेब उठून उभे राहिले. हात पुढे धरून पाहू लागले. मग नोकराला हाक मारून जेवण मागितलं. मी पुढचं वाचत होतो. ते त्यांच्या कानांवर गेलं की नाही, मला ठाऊक नाही. मी पुन्हा वाचलं नाही.

तुझ्या मालकांना ते काही कळवणार नाहीत. पोरगा प्रामाणिक आहे, म्हणाले, त्याच्याच हातून दुरुस्त करून घेऊ. स्टिक उद्या निघेल. ती आली की सकाळी आठला मैदानावर यायचं, असं मला सांगून ठेवलं आहे. मी बरं म्हटलं. मामी कालपासून माझ्याशी बोलत नाही.

पुन्हा कसला हिशेब करू नकोस. कल पुरा साठ अंश भर. बुडाचा फुगवटा पहिल्यासारखा होत नसेल तर नवं पातं घाल. धार मोजून पाहा, मिस्त्रींकडूनही तपासून घे. तुला येतं तेवढं सगळं त्यात घाल, बारक्या. तिच्यासमोर मी उभा असणार आहे.

मामा